पायथ्याचा कोट

महाड तालुक्यात, रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजाऊंच्या वाड्याची दगडी जोती, विहिरी आणि भोवतीचा तट आहे. गडाच्या ओढीने आलेल्यांना हा कोट म्हणजे गडाची पुरवणी वाटते. मला वाटतं, स्वराज्य कशासाठी उभं राहिलं हे तो गडापेक्षा स्पष्टपणे सांगतो. तेव्हा चौलला पोर्तुगीज होते, जंजिऱ्यावर सिद्दी होता आणि १६६८पासून मुंबई इंग्रज कंपनीकडे होती. अशा मुलखात, उतारवयात गडावरचा गार वारा सोसवेना म्हणून राजमातेसाठी खाली घर बांधलं, असं परंपरा सांगते. इथल्या विहिरीच्या काठावर तर टेकून बसायला दगडी तक्क्या आहे. लढाईला तक्क्या लागत नाही. निवांत बसणाऱ्या माणसाला लागतो. हा तट त्या निवांतपणाच्या राखणीसाठी आहे.

यावर कुणी म्हणेल, सपाटीवरचा हा तट तोफांपुढे किती टिकला असता? फार नाही. पण त्या कसोटीला रायगडही उतरला नाही. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावरचे वाडे जळाले आणि गड पडला. वेढा सोसायला वर गड होताच. खालच्या तटाने अचानक आलेली धाड अडवावी आणि गड गाठायला उसंत द्यावी, एवढं पुरे होतं. १६७४ साली कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकासाठी आला, तेव्हा शिवाजी महाराज पोलादपूरपलीकडे प्रतापगडाला गेले होते. ते परतेपर्यंत तो पाचाडलाच थांबला. परक्या वकिलाला पायथ्याशी ठेवून घेणाऱ्या राज्याला आपल्या सपाटीचाही भरवसा होता. ६ जूनला अभिषेक झाला आणि १७ जूनला याच पाचाडात जिजाऊंनी देह ठेवला.

दुसरा आक्षेप असा, की इथं आता पाहण्यासारखं उरलंय काय? लाकूड आणि छप्पर कोकणच्या पावसात टिकत नाही, हे खरं. पण माणसं कुठे राहत होती हे जोतं सांगतं, पाणी कुठे भरत होती हे विहीर सांगते. गडावरचं मूळ सिंहासनही उरलेलं नाही, तरी त्या जागेपुढे आपण नमतोच. २०२५ साली रायगड जागतिक वारसा यादीत गेला. आता जतनाची काळजी गडाच्या दरवाजाशी थांबू नये. ज्या घरासाठी गड राखायचा, ते घर खाली आहे.