देवाला दाखवायचा हिशेब



देवाला फसवता येते का, असे धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या लहान मुलाला विचारले तर ते चटकन ‘नाही’ म्हणेल. उत्तर आपल्यालाही पाठ आहे. तरी आपण प्रयत्न सोडत नाही. ‘नुसती सही कर, कागद पुरे करायचे आहेत’ असे सांगून बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतो आणि त्याच वर्षी चर्चच्या सणाला मोठी देणगी देतो. पापनिवेदनासाठी ओळखीचे फादर नकोत म्हणून शेजारचा धर्मग्राम गाठतो. तिथेही रागावलो, मिस्सा चुकवली, एवढेच सांगतो. सहीची गोष्ट ओठांवर येऊन परत जाते. बाहेर पडताना मनाची समजूत घालतो, ‘चला, देवाचे आणि आपले मिटले.’

खरेच मिटले का?

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याची हकिगत आहे. त्याआधी बर्णबाने आपले शेत विकून आलेले पैसे प्रेषितांच्या चरणी ठेवले होते. मग हनन्यानेही जमीन विकली, काही रक्कम मागे ठेवली आणि उरलेली जणू सगळीच आहे अशा थाटात आणून दिली. बर्णबाचा मान त्याला हवा होता, बर्णबाचा त्याग नको होता.

या प्रसंगी संत पेत्राने काय विचारले, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. पैसे मागे का ठेवलेस, याचा राग त्याला नव्हता. जमीन तुझी होती, विकल्यावर पैसेही तुझेच होते, असे तो स्वतःच म्हणतो. कोणी सक्ती केली नव्हती. मग खोटे कशासाठी? हे खोटे माणसांशी नव्हे, तर देवाशी बोललास, असे त्याने सांगितले. तीन तासांनी सप्पीरा आली. पेत्राने तिला सरळ विचारले, जमीन एवढ्यालाच विकली का? खरे बोलायची ती संधी होती. तिने ‘होय’ म्हटले. दोघांचाही शेवट आपल्याला ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल, देवाला सगळे आधीच ठाऊक आहे, तर मग सांगायचे कशाला? संत ऑगस्टीनने सन ४०० च्या सुमारास ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात हाच प्रश्न स्वतःला विचारला होता. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की कबुली दिली नाही म्हणून आपण देवापासून लपत नाही, उलट देवच आपल्यापासून लपतो. घराची खिडकी बंद केल्याने सूर्य आंधळा होत नाही. काळोख आपल्याच घरात होतो. आपल्या लपवाछपवीने देवाचे काहीच बिघडत नाही. आपली प्रार्थना मात्र कोरडी होते, कारण ज्याच्याशी बोलायचे त्याच्याच नजरेला नजर देणे आपण टाळत असतो.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली प्रायश्चित्त संस्काराविषयी शिकवण देताना संत जेरोमची एक उपमा वापरली. रोग्याने लाजेखातर वैद्याला जखम दाखवलीच नाही, तर औषध लागू कसे पडणार? जाणूनबुजून गंभीर पाप झाकून घेतलेल्या क्षमेने म्हणूनच आपण मोकळे होत नाही. उलट त्या पापात आणखी एकाची भर पडते.

हे ऐकून भीती वाटली, तर जक्कयकडे पाहू या. त्याने प्रभू येशूला आपले सर्वस्व देऊ केले नाही. मालमत्तेतले निम्मे गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो, असे तो उघडपणे म्हणाला. प्रभूने उरलेल्या निम्म्याचा हिशेब मागितला नाही. त्या घराला आज तारण लाभले आहे, असे जाहीर केले. हनन्यानेही काही भाग दिला, जक्कयनेही काही भागच दिला. एकाने तो सगळा म्हणून दाखवला, दुसऱ्याने जेवढा होता तेवढाच सांगितला. फरक रकमेचा नव्हता, खरेपणाचा होता.

जक्कयचे दुसरे वाक्यही विसरू नये. घेतलेले परत द्यायचे असते. ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे, की चोरी वा अन्याय केला असेल तर होईल तेवढी भरपाई करणे आपले कर्तव्य आहे. सणाच्या देणगीने बहिणीचा वाटा फिटत नाही. देवाने तो आपल्याकडे मागितलेला नाही; तो तिचा आहे.

तेव्हा पुढच्या पापनिवेदनाला जाताना ओठांवरून परत गेलेली ती एक गोष्ट आधी सांगू या. आणि चर्चमधून निघाल्यावर पाय बहिणीच्या घराकडे वळू देत. देव आपल्याला पूर्ण ओळखतो आणि तरीही आपल्यावर प्रेम करतो. मग त्याच्यासमोर सोंग कशाला?