आधी चौक

तैलरंग शिकणारा जुन्या धार्मिक चित्राची प्रत करतो, तेव्हा तो हाताला एका क्रमाची सवय लावत असतो. आधी रेखाटन, मग छायाप्रकाशाचा एकरंगी थर, मग पातळ रंगांचे लेप. खालचे वाळल्याशिवाय वरचे द्यायचे नाही. अशा नकलेने प्रतिभा मरते, हा आक्षेप इतिहासात टिकत नाही. १५०४ साली राफाएलने मेरी आणि जोसेफ यांच्या विवाहाचे चित्र रंगवले, त्यात त्याच विषयावरच्या पेरुजिनोच्या चित्राची मांडणी उघड दिसते: मागे देऊळ, पुढे अंगठी घालणारा जोसेफ, गुडघ्यावर काठी मोडणारा तरुण. पण देवळाच्या आठ बाजूंच्या सोळा झाल्या, स्त्रीपुरुषांच्या बाजू बदलल्या आणि रांगेत उभी माणसे मोकळी झाली. जुनी मांडणी पुरती पचल्यावाचून असे बदल सुचत नाहीत.

डहाणू-तलासरीतली चित्रकलाही लग्नाच्याच एका धार्मिक चित्रातून पिढ्यान्‌पिढ्या शिकली गेली. वारली घरात लग्न निघाले की कुडाची भिंत शेणामातीने सारवून गेरूने लाल करतात आणि सवाशिणी तांदळाच्या पिठाने तिच्यावर चौक लिहितात. चौकाशिवाय लग्न लागत नाही. टोक चेचलेल्या काडीने चौकट धरायची, तिच्या कडा त्रिकोणांच्या, साखळीच्या, तिरप्या रेघांच्या पट्ट्यांनी भरायच्या, आत पालघट देवी; सोबत सूर्य, चंद्र, फणी, शिडी. पाच डोक्यांच्या पंचशिऱ्या देवाचा चौक वेगळा. ओले पीठ गेरूवर फिके, जवळजवळ पारदर्शक दिसते. पांढरे उठते ते वाळल्यावर. रेघ शेवटी कशी दिसणार हे ती ओढतानाच हाताला ठाऊक असावे लागते, आणि पुनःपुन्हा ओढल्यावाचून ते ठाऊक होत नाही.

म्हणूनच वारली चित्रकला शिकवण्याची आजची रूढ पद्धत मला उलटी वाटते. शाळांत आणि कार्यशाळांत पहिल्याच तासाला दोन त्रिकोण जोडून माणूस काढायला सांगतात, लगेच तारपा नाच, आणि संध्याकाळपर्यंत पिशवी किंवा कप रंगवून तयार. ही नक्कल चित्राची नाही, चित्रातून सुट्या केलेल्या आकृतीची आहे. पट्टी कोपऱ्यावर कशी वळवायची, देवीभोवती किती जागा सोडायची, दाट आणि विरळ यांचा तोल कुठे सांभाळायचा, यातले काहीच तिच्यातून कळत नाही. चौक गिरवत बसल्याने नवे काही सुचणार नाही असे म्हणणाऱ्यांनी जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे पाहावीत. १९३४ साली तलासरीतल्या धामणगावात जन्मलेल्या आणि पुढे डहाणूतल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहिलेल्या म्हसे यांनी बायकांच्या हातची ही कला पुरुष असून उचलली, सत्तरच्या दशकात ती कागदावर आणली आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. मासेमारीच्या जाळ्याच्या त्यांच्या चित्रात बारीक विणीने बहुतेक सगळी जागा व्यापली आहे. त्या विणीत मला चौकाच्या कडांचीच शिस्त दिसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. चौक हा पूजेचा, तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. बाहेरच्याने तो वहीत का गिरवावा? राफाएलची प्रत करणारा वेदी उभारत नाही, हे उत्तर मला अर्धेच पटते. युरोपातली ती चित्रे आज बहुतांशी संग्रहालयांत आहेत, चौक अजून लग्नघरात लिहिला जातो. तेव्हा काय गिरवावे हे तो लिहिणाऱ्या बायांनीच ठरवावे. त्यांनी देवी काढू नका म्हटले तर मधली जागा कोरी सोडून फक्त कडा गिरवाव्यात. नवशिक्याला त्या वर्षभर पुरतील. आणि शिकवायलाही त्याच बायांना बोलवावे, पूर्ण मानधन देऊन, फलकावर त्यांची नावे लिहून.