ठेवला तिथे राहिलेला देव

परळीच्या वैजनाथाची जी कथा घरोघरी सांगतात, तिच्यात देव मूळचा परळीचा नाही. रावणाने कैलासावर तप केले, शंकराकडून लिंग मिळवले आणि तो ते घेऊन लंकेला निघाला. अट एकच होती, वाटेत ते खाली टेकवायचे नाही. वाटेत ते टेकले आणि मग कोणाच्याही बळाने हलले नाही. हीच कथा झारखंडातल्या देवघरला सांगतात, थोड्या फरकाने गोकर्णालाही सांगतात. बारा ज्योतिर्लिंगांतला खरा वैद्यनाथ परळीचा की देवघरचा, हा वाद त्यामुळे फार जुना आहे आणि दोन्हीकडचे भाविक आपापले दाखले पुढे करतात. त्या वादात कथेतला विचार करण्याजोगा भाग मात्र बाजूला पडतो असे मला वाटते. देवाची थोरवी सांगताना लोकांनी तो या मातीत आपोआप उगवला असे म्हटले नाही. तो दुसरीकडे चालला होता, त्याने हे ठिकाण निवडलेही नव्हते, पण एकदा टेकल्यावर तो इथला झाला, असे म्हटले. ज्या देवळाच्या नावावर गाव ओळखले जाते, त्या देवळातला देवच परगावचा, हे गावाने कधी लपवून ठेवले नाही.

परक्या शहरात राहायला गेलेल्या माणसाला एक प्रश्न वारंवार पडतो: हे गाव माझे कधी होणार? त्याला व्यवहारी उत्तरे पुष्कळ मिळतात. भाषा शिका, शेजाऱ्यांत मिसळा, चार वर्षे जाऊ द्या. पण हा प्रश्न मुळात धर्माच्या प्रांतातला आहे, कारण माणसाचा जागेवर हक्क कशाने येतो आणि जागेचा माणसावर कशाने येतो, हे त्यात विचारले जाते. माझे म्हणणे असे की आपलेपण जन्माने मिळत नाही आणि नुसत्या कष्टानेही मिळत नाही. आलेल्याने तिथे टेकायचे ठरवावे लागते आणि गावाने त्याला हात लावू देण्याइतके जवळ करावे लागते. यातली एक बाजू नसेल तर दुसरी कितीही भक्कम असली तरी पुरत नाही.

जन्माची गोष्ट आधी निकालात काढू, कारण ती सगळ्यांत सोपी वाटते. मराठवाड्यातल्या गावागावांत शतकानुशतके अशी माणसे राहत होती की ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा त्याच मातीत गेले होते आणि तरीही त्यांची वस्ती गावकुसाबाहेर होती. गावचे मेलेले ढोर त्यांनी ओढायचे, सांगावा त्यांनी पोचवायचा आणि देवळाच्या पायरीशी थांबायचे. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली प्राणांतिक उपोषण करावे लागले. जन्माने गाव मिळत असते तर हे घडलेच नसते. खुद्द परळीचे संत जगमित्र नागा यांची महिपतींनी ‘भक्तविजया’त सांगितलेली कथाही तेच दाखवते. भिक्षा मागून राहणाऱ्या, सगळ्या जगाला मित्र मानणाऱ्या या माणसाचे घर गावातल्याच दुष्टांनी रात्री पेटवून दिले. देवाने राखले म्हणून कुटुंब वाचले, आणि पुढे गावाला पश्चात्ताप झाला. चमत्कार मानायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. पण आपल्याच माणसाला गाव परका करू शकते, एवढे कथा सांगणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

मग कष्टाने मिळते का? ज्या गावासाठी राबलो ते आपले, हा विचार मनाला पटणारा आहे आणि त्याच्या बाजूने परळी हा चांगला दाखला ठरावा. 1971 साली इथल्या औष्णिक वीज केंद्राचा 30 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला आणि पुढे 210 मेगावॅटचे संच आले. त्यांच्याबरोबर परगावचे अभियंते, फिटर, कंत्राटी मजूर आले, वसाहत उभी राहिली, शाळा भरल्या. तीर्थाच्या गावाला कोळशाच्या मालगाड्यांची सवय झाली. पण 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी हेच केंद्र बंद ठेवावे लागले आणि 2015 साली पुन्हा तीच वेळ आली. कामावर उभे राहिलेले नाते काम थांबताच किती सैल होते, हे अशा वेळी कळते. आणि याहून कठीण दाखला उलट दिशेचा आहे. परळी ज्या जिल्ह्यात आहे त्या बीड जिल्ह्यातली लाखो माणसे दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल फेडायला कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवराबायकोची जोडी हिशोबात एक ‘कोयता’ म्हणून धरली जाते. पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि पहाटेच्या अंधारात फड सुरू होतो. वर्षानुवर्षे त्याच कारखान्याला जाणारी कुटुंबे आहेत. त्या भागातली साखर त्यांच्या हातांची आहे. तरी त्या गावांत त्यांची ओळख बाहेरून आलेले तोडकरी एवढीच उरते. कष्टाने आपलेपण मिळत असते तर बीडच्या माणसाला निम्म्या महाराष्ट्रात घर असते.

म्हणून गावाच्या बाजूचा विचार टाळता येत नाही. परळीच्या मंदिराची दुसरी एक कथा इथे उपयोगी पडते. समुद्रमंथनातून निघालेला धन्वंतरी आणि अमृत शंकराच्या लिंगात ठेवले गेले. दैत्य ते घ्यायला धावले तेव्हा लिंगातून ज्वाळा निघाल्या आणि भक्तांनी हात लावला तेव्हा अमृताची धार लागली. म्हणून इथे भाविकांनी लिंगाला स्पर्श करून दर्शन घेण्याची परंपरा आहे. या कथेत देवाने येणाऱ्याचे कूळ, गाव किंवा मुक्काम विचारलेला नाही. तो हिसकावून न्यायला आला आहे की जवळ यायला, एवढेच पाहिले आहे. परक्याला पारखण्याची याहून न्याय्य कसोटी मला सुचत नाही. गावाने पारखूच नये असे मी म्हणत नाही. लुटायला येणारे असतात आणि त्यांच्यापुढे दार बंद करणे धर्माला धरूनच आहे. पण पारख हेतूची असावी.

यावर असे म्हणता येईल की परक्याने इतके जवळ यायचे तर स्वतःचे सगळे सोडून द्यावे लागेल, आणि ते कोणाला झेपणार? आज मराठवाड्यातून दक्षिण कोरियातल्या एखाद्या शहरात नोकरीला जाणाऱ्या तरुणालाही हीच भीती असते. त्याच देशात या भीतीला उत्तर देणारी एक जुनी कथा आहे. इर्योन नावाच्या भिक्षूने तेराव्या शतकात संकलित केलेल्या ‘समगुक युसा’ या ग्रंथात आयुता नावाच्या दूरच्या देशाची राजकन्या हो ह्वांग-ओक इसवी सन 48 मध्ये जहाजाने येऊन कोरियातल्या गाया राज्याचा राजा सुरो याची राणी झाली, असे सांगितले आहे. आयुता म्हणजे आपली अयोध्या, असे बरेच जण मानतात. इतिहासाने ते सिद्ध झालेले नाही आणि या युक्तिवादाला त्याची गरजही नाही. राणीने समुद्र शांत राहावा म्हणून बरोबर दगडांचा एक स्तूप आणला, तो गिम्हे शहरात तिच्या समाधीपाशी आजही दाखवतात. तिच्या दोन मुलांनी तिचेच आडनाव पुढे चालवले, अशीही परंपरा आहे. म्हणजे ती राणी झाली, त्या मातीत विसावली, आणि आपला दगड व आपले नाव दोन्ही टिकवून राहिली. परळीच्या लिंगानेही कैलासाचे नाते तोडलेले नाही.

याहून खोल हरकत विरक्तांची आहे. गाव आपले करायचेच कशाला? चक्रधरस्वामी स्वतः गुजरातेतून आले, गावोगाव फिरले, आणि अनुयायांना त्यांनी देशाच्या कडेला, ओळखपाळख नसलेल्या ठिकाणी झाडाखाली राहण्याचा आदर्श घालून दिला. या विचाराचा मला आदर आहे. पण त्याच चक्रधरांनी महाराष्ट्रात राहा असेही बजावले, हे विसरता येत नाही. विरक्ती आणि वास्तव्य त्यांना परस्परविरोधी वाटले नाही. याचा अर्थ परळीपासून जवळच असलेल्या अंबाजोगाईत दिसतो. आज कर्नाटकात असलेल्या भागात 1903 साली जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर शिक्षक म्हणून हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, तिथे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवू लागले. घर, नाव, कूळ सोडलेल्या या माणसाने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. नांदेडचे विद्यापीठ आणि अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय आज त्यांच्या नावाने आहेत. मालकीची भावना गळून पडली होती, म्हणूनच ते या प्रदेशाचे इतके पूर्णपणे होऊ शकले, असे मला वाटते.

परक्या गावाची ओळख कशी करून घ्यावी, याचाही धडा आपल्या तीर्थयात्रेत आहे. यात्रेकरू प्रदक्षिणा घालतो तेव्हा देव उजव्या हाताला ठेवून त्याच्याभोवती चालतो. जागा ताब्यात घेण्याची त्याला घाई नसते, पण चुकवायचेही काही नसते. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला राहून, आपल्या राज्याबाहेरच्या परळीत वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार केला, त्यातही मालकीचा प्रश्न आला नाही.

कर्तव्याचा अवघड भाग शेवटी यजमान गावाकडेच येतो. परळीला येणाऱ्या यात्रेकरूला हात लावू देणारा हा जिल्हा दर हंगामात आपली माणसे दुसऱ्यांच्या दारी पाठवतो. ज्या गावांच्या शिवारात ती उतरतात, तिथल्या शाळेत कोपीवरच्या पोराचे नाव पटावर लागते का, आजारी बाईला तिथल्या दवाखान्यात आधी विचारले जाते का, गावच्या जत्रेच्या पंगतीत तोडकऱ्यांना बोलावणे जाते का, हे त्या गावांनी स्वतःला विचारायला हवे. वैजनाथाला सोमवारी हात जोडणाऱ्या कारखान्याच्या संचालकानेही ते विचारायला हवे.