डावी सीट आणि वानप्रस्थ

एअर इंडियाने ऑगस्ट २०२५ मध्ये वैमानिकांच्या निवृत्तीचे वय ५८ वरून ६५ केले, तेव्हा चर्चा झाली ती वैमानिकांच्या टंचाईची. कंपनीचा हिशेब सरळ होता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मर्यादा मुळात ६५ चीच आहे, नोव्हेंबर २०२४ मधल्या विलीनीकरणानंतर विस्तारा कंपनीतले साठीपर्यंत उडणारे वैमानिक त्याच घरात येऊन बसले होते, आणि अनुभवी कॅप्टन काही बाजारात आयते मिळत नाहीत. पण सत्तावन्न वर्षांच्या कॅप्टनपुढे जो प्रश्न उभा राहतो त्याचा टंचाईशी फारसा संबंध नाही. तीस-बत्तीस वर्षे ज्येष्ठतेच्या यादीत एकेक क्रमांक वर सरकत तो आता कुठे टोकाशी पोचलेला असतो. सिनिऑरिटी ही काय चीज आहे हे बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. नव्या विमानाचे प्रशिक्षण आधी कोणाला, सहवैमानिकाच्या उजव्या सीटवरून कॅप्टनच्या डाव्या सीटवर कोण कधी जाणार, लांबची फेरी कोणाची आणि पहाटे तीनचे रिपोर्टिंग कोणाच्या नशिबी, गणपतीतली रजा कोणाची मंजूर होणार, अशा कितीतरी गोष्टींना बऱ्याच विमान कंपन्यांत यादीतला क्रमांक लागतो. साहजिकच नोकरीतली सगळ्यात सुखाची वर्षे शेवटी येतात. ती आणखी सात मिळत असतील तर घ्यावीत की नाही? आपल्याकडच्या धर्मविचाराने हाच प्रश्न विमानांच्या कितीतरी आधी विचारून ठेवला आहे: हाती आलेले स्थान सोडायचे कधी, आणि सोडायचे म्हणजे नेमके काय सोडायचे?

माझ्या मते यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि आपण भांडतो ते पहिल्यावर. ५८ की ६०, ६५ की ६७, हा वाद जगभर चालू आहे. अमेरिकेने १९५९ मध्ये साठीची रेघ मारली आणि २००७ मध्ये ती पासष्टवर नेली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००६ मध्ये पासष्ट मान्य केले, पण शेजारी बसणारा वैमानिक साठीच्या आतला हवा अशी अट घातली. २०१४ मध्ये ती अटही काढून टाकली. २०२५ मध्ये विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने ६७ चा प्रस्ताव मांडला. वयाची ही रेघ निसर्गाने आखून दिलेली नाही, हे कळायला इतके पुरे आहे. तरीही शंका असेल त्याने १९८१ चा नर्गेश मिर्झा खटला आठवावा. त्या काळी एअर इंडियाच्या विमानात पुरुष पर्सर ५८ व्या वर्षापर्यंत काम करी आणि त्याच विमानातली हवाई सुंदरी ३५ व्या वर्षी, किंवा पहिल्या गरोदरपणात, निवृत्त होई. गरोदरपणाची अट सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. पस्तिशीनंतर मुदतवाढ द्यायची की नाही हे एकट्या व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर सोडणारे कलमही रद्द केले. त्यामुळे तंदुरुस्त हवाई सुंदरीची रेघ पंचेचाळीसपर्यंत सरकली, अठ्ठावन्नपर्यंत मात्र नाही. तेव्हा ‘योग्य वय’ हा शास्त्राचा निष्कर्ष कमी आणि कोणाची गरज, कोणाची सोय याचा निर्णय जास्त असतो.

खरा पेच ज्येष्ठतेच्या घडणीत आहे. पगार माणूस कामाने मिळवतो, कौशल्य सरावाने मिळवतो. यादीतला क्रमांक मात्र तो एकटा मिळवत नाही. चारशेव्या क्रमांकाचा माणूस चाळीसावा होतो, त्यात कंपनी वाढल्याचा आणि कोणी सोडून गेल्याचा भाग असतो हे खरे. पण नियमाने, वर्षानुवर्षे, हमखास घडणारी गोष्ट एकच: वरचे लोक ठरलेल्या दिवशी उठून गेले. सर्वोच्च न्यायालयात हे फार स्वच्छ दिसते. तिथे ज्येष्ठतम न्यायाधीश सरन्यायाधीश होतो आणि पासष्टाव्या वर्षी जातो, म्हणून कोणाची पाळी कधी आणि किती दिवसांची हे वर्षानुवर्षे आधी मांडता येते. उदय लळित यांच्या वाट्याला २०२२ मध्ये ७४ दिवस आले. त्यांच्या आधीच्यांचे निवृत्तीचे वय ऐन वेळी दोन वर्षांनी वाढवले असते, तर लळितांना हे पद मिळाले असते की नाही, हेच आधी विचारावे लागले असते. निवृत्ती हा ज्येष्ठतेवर पडलेला घाला नाही, ज्येष्ठतेला किंमतच तिच्यामुळे येते. जो माणूस ज्येष्ठतेचा दाखला देऊन आणखी थांबू पाहतो, तो आधीच्यांच्या उठण्याचा फायदा घेतो आणि स्वतःच्या पाळीला ती रीत बदलू पाहतो.

नवी मुंबईतल्या शिरवण्यातून पाहिले तर मालकीचा हक्क आणि रांगेतली पाळी यांतला फरक जास्त टोकदार दिसतो. सायन-पनवेल महामार्गालगतच्या या आगरी-कोळी गावाने, आजूबाजूच्या गावांप्रमाणेच, नवी मुंबईसाठी आणि औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी दिल्या. इथे हक्काची गोष्ट निघाली की साडेबारा टक्क्यांची निघते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या जासई-दास्तानच्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला आणि त्यातून विकसित भूखंडाचा हा वाटा पदरात पडला. तो हक्क गमावलेल्या जमिनीच्या बदल्यातला आहे, म्हणून वारसांकडे जातो, आणि त्यात गैर काही नाही. ज्येष्ठतेचा हक्क या जातीचा नाही. त्याच्या बदल्यात वैमानिकाने असे काही दिलेले नसते जे पगाराने चुकते झाले नाही. मग तो वतनासारखा का वागवावा? मुंबई राज्याने आणि मग महाराष्ट्राने तर वतने रीतसर कायद्याने मोडली, परगणा आणि कुलकर्णी वतने १९५० मध्ये, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ मध्ये, पाटीलकी १९६२ मध्ये. त्यामागचा विचार हाच होता की पद हे सेवेसाठी असते, मालकीसाठी नसते. ज्येष्ठता ही मालमत्ता नाही याचा कठोर पुरावा विमान कंपन्यांनी स्वतःच दिला आहे. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले आणि त्या यादीतला पहिला क्रमांक आणि शेवटचा क्रमांक एका रात्रीत सारख्याच किमतीचे झाले. उड्डाणाचे तास ज्याचे त्याच्याकडे राहिले, लॉगबुक राहिले, परवाना राहिला. नाहीशी झाली ती फक्त रांग.

आता वानप्रस्थाकडे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायाची सुरुवात निवृत्तीच्या वयापासूनच होते, पण तिथे आकडा नाही. अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले, नातवंड पाहिले, की गृहस्थाने अरण्याकडे निघावे. म्हणजे दोन खुणा देहाच्या आणि एक पुढच्या पिढीची. वैद्यकीय तपासणी फक्त पहिल्या दोन पाहते. साठीनंतर वैमानिकाची दर सहा महिन्यांनी तपासणी होते, हृदय, डोळे, कान, सगळे तपासले जाते, आणि ते योग्यच आहे. पण वर्षानुवर्षे उजव्या सीटवर बसून कमांडची वाट पाहणारा तिशीतला सहवैमानिक कुठल्याच ईसीजीत दिसत नाही. वानप्रस्थाच्या विचारात तो दिसतो, कारण तिथे जाणाऱ्याची तब्येत जितकी महत्त्वाची तितकेच येणाऱ्याचे जबाबदारी पेलण्याजोगे होणे महत्त्वाचे.

इथे कोणी थांबवील आणि म्हणेल, मनुस्मृतीची साक्ष महाराष्ट्रात कशाला काढता? २५ डिसेंबर १९२७ ला आजच्या रायगडातल्या महाडला ती जाळली गेली, ती उगाच नाही. आश्रमव्यवस्था द्विज पुरुषांसाठी होती, तिची सोय इतरांच्या कष्टांवर उभी होती, आणि अरण्यात जायची चैन शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्याला कधी परवडली नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच त्या ग्रंथाचा अधिकार मी मागत नाही; त्यातला प्रश्न घेतो, आणि उत्तरासाठी वारकऱ्यांकडे जातो, ज्यांनी कोणाला अरण्यात धाडलेच नाही. माउलींच्या पालखीत रथापुढे सत्तावीस दिंड्या चालतात आणि त्यांचे क्रमांक ठरलेले असतात. मान आहे, क्रम आहे, त्यावरून प्रसंगी रुसवेफुगवेही होतात. पण तो क्रमांक दिंडीचा असतो, वीणेकऱ्याचा नसतो. आणि सप्ताहात वीणेचा पहारा बदलताना काय होते ते जरा जवळून पाहावे. वीणा जमिनीवर टेकवायची नाही, नाम खंडू द्यायचे नाही. नव्याने येणारा वीणेला आणि वीणेकऱ्याला नमस्कार करतो, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, आणि उतरलेला माणूस घरी न जाता मागे टाळकऱ्यांत जाऊन उभा राहतो. तो भजन सोडत नाही. त्याने फक्त मधली जागा सोडलेली असते.

वानप्रस्थाचे खरे स्वरूपही याहून वेगळे नाही. संन्यासी अग्नी टाकतो. वानप्रस्थी अग्निहोत्र चालू ठेवतो, पत्नीला हवे तर बरोबर नेतो, स्वाध्याय करतो. सुटतो तो घरावरचा हुकूम. तेव्हा पासष्टपर्यंत उडायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पासष्टपर्यंत पहिल्या क्रमांकाने उडायला. हे केवळ तात्त्विक वाटत असेल तर अमेरिकेच्या २००७ च्या कायद्यातली एक तरतूद पाहण्यासारखी आहे. साठी ओलांडून आधीच निवृत्त झालेल्या वैमानिकांना परत यायची मुभा मिळाली, पण नवा माणूस म्हणून, जुनी ज्येष्ठता न धरता. कायद्याने कौशल्य आणि क्रमांक यांची फारकत करून दाखवली. किती जणांना ती रुचली असेल हा वेगळा भाग. आपल्याकडे याचे देखणे उदाहरण जे. आर. डी. टाटांचे. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले होते. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ या जुन्या छोट्या विमानातून त्यांनी तोच प्रवास एकट्याने पुन्हा केला. तोवर एअर इंडियाचे अध्यक्षपद जाऊन चार वर्षे झाली होती, आणि तेही त्यांनी सोडलेले नव्हते, सरकारने काढून घेतलेले होते. त्या उड्डाणाने कोणाची पाळी अडली नाही. गीतेतला कर्माचा अधिकार आणि फळाचा त्याग यांवर आपल्याकडे ढिगाने प्रवचने होतात. उडणे हे कर्म आणि क्रमांक हे फळ, एवढी वाटणी त्या एका प्रवासात समजते.

सगळ्यात बळकट आक्षेप मात्र धर्मशास्त्राकडून येत नाही, हिशेबाकडून येतो. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदवली, इंडिगोने ५०० ची. विमाने वाढत असतील तर डाव्या सीटही वाढणार. मग म्हातारा कॅप्टन थांबला म्हणून कोणाचे काय गेले? वाढीच्या काळात हे बरेचसे खरे आहे आणि म्हणूनच आज फारसे कोणी ओरडत नाही. पण विमान व्यवसायात वाढ कायमची नसते, यादी मात्र कंपनी असेपर्यंत असते. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या, तेव्हाही वाढीचीच स्वप्ने होती. २०१२ मध्ये ड्रीमलायनरचे प्रशिक्षण कोणाला आधी यावरून जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांच्या पायलट्स गिल्डचा संप ५८ दिवस चालला. दोन्ही बाजूंची माणसे शिकलेली, जबाबदार, आणि दोघांचीही खात्री की आपली पाळी दुसरा पळवतो आहे. न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीला तर हा गुंता सोडवायला संपाच्या आधीच बसावे लागले होते. दोन रांगा एकत्र आल्या की त्यांच्यात भांडण लागते, आणि मग वाढ किती झाली हे कोणी विचारत नाही.

दुसरे म्हणणे पोटाचे आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. खासगी कंपनीतल्या वैमानिकाला सरकारी थाटाची पेन्शन नसते, परवान्यासाठी अर्धा कोटी किंवा त्याहून जास्त खर्च होऊन बसलेला असतो, उशिरा झालेली मुले अजून शिकत असतात. महासाथीत ज्यांचे पगार कापले गेले त्यांना दोन-चार वर्षे भरून काढायची असतील तर त्यांना लोभी म्हणणे क्रूरपणाचे आहे. पण या अडचणीला उत्तर उत्पन्नाचे आहे, क्रमांकाचे नाही. सिम्युलेटरवर शिकवणारा, चेक घेणारा, अठ्ठावन्ननंतर रोस्टरमध्ये सगळ्यांच्या मागून निवड करणारा पण पूर्ण पगाराने उडणारा ज्येष्ठ वैमानिक ही काही अशक्य गोष्ट नाही. जुन्यांनी ज्याला ऋषिऋण म्हटले ते शिकवूनच फिटते, आणि विशेष म्हणजे ते ज्याच्याकडून घेतले त्याला परत करायचे नसते. पुढच्याला द्यायचे असते. आजच्या सत्तावन्न वर्षांच्या कॅप्टनला त्याच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ज्या कॅप्टनने धुक्यात विमान उतरवायला शिकवले, तो आपल्या ठरलेल्या दिवशी उठून गेला होता. तोही काही स्वतःच्या इच्छेने उठला नव्हता, हे खरे. नियमच तसा होता. आता नियम बदलला आहे, आणि जे आधी कंपनी ठरवत होती ते ठरवणे पहिल्यांदाच माणसाच्या हाती आले आहे. अठ्ठावन्नला सुटणारी सीट पूर्वी कोणाचा त्याग नव्हती. साठीला कोणी ती आपणहून सोडली, तर तो त्याग असेल, आणि कंपनीच्या नियमावलीत त्यासाठी साधा रकाना तरी असेल असे वाटत नाही.