शांत बसला म्हणजे विश्वास बसला का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


वडोदऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मुलाने हिरवा इग्वाना पाळलाय. हात नेला की तो गळ्याखालची कातडी ताणतो, फुत्कारतो, शेपटीचा फटका मारतो. मुलाला कुणी तरी सांगितलं, "घट्ट धरून ठेव, दमला की माणसाळेल." ताई विचारतात, "प्रेमाने जिंकावं म्हणतो आपण. मग हे धरून ठेवणं प्रेम की जबरदस्ती?"

प्रश्न सरड्याचा दिसतो, पण आहे आपल्या सगळ्यांच्या घरातला.

इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. झाडावर राहणारा, पाला खाणारा. त्याचा शत्रू आकाशातून झडप घालतो. म्हणून त्याच्या डोक्यावर मधोमध खरोखरच एक तिसरा डोळा असतो. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. आपण कुरवाळायला वरून हात नेतो, त्याला कळते ती ससाण्याची सावली! म्हणजे आपला हेतू शुद्ध असून भागत नाही, समोरच्यापर्यंत काय पोचतं तेही पाहावं लागतं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पिंजऱ्यातल्याला तर तेवढीही धाव नाही. पळायला जागा नसलेला जीव शेपटी उगारणारच. आपण त्याला रागीट म्हणून मोकळे होतो.

आता 'शांत होईल' याचा अर्थ पाहू. या प्राण्याचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं. ऊन खायला त्याला ३५ अंशांच्या आसपास तापलेली जागा लागते. ती नसली तर तो गारठून हलत नाही, आणि आपण म्हणतो, किती गुणी! घट्ट धरला की झटून झटून दमतो, निपचित पडतो. कुरवाळताना डोळे मिटतो, तेव्हा आपल्याला वाटतं समाधी लागली. पुष्कळदा तो फक्त 'हे कधी संपेल' म्हणून डोळे मिटून बसलेला असतो. तिन्ही वेळा तो शांतच आहे, पण विश्वास एकीतही नाही.

विश्वासाची खूण एकच. अंगात ऊब आहे, पळायची ताकद आहे, वाट मोकळी आहे, आणि तरी तो जवळ थांबतो.

ते कसं साधायचं? आधी काही दिवस हात लावायचाच नाही. नुसतं शेजारी बसावं, हवं तर तिथेच जप करावा. वापरलेला सदरा आत ठेवावा, जीभ बाहेर काढून तो वास टिपतो. मग हातून पाला, जास्वंदीचं फूल द्यावं. पुढे हात बाजूने न्यावा आणि पोटाखालून आधार द्यावा. शेपटी कधीच धरू नये, जीव वाचवायला तो ती तोडून टाकतो. 'घट्ट धर' म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं खरं आहे: फटका मारल्याबरोबर सोडलं तर तो फटकाच शिकतो. म्हणून दोन-चार मिनिटांत, तो चुळबुळायच्या आतच खाली ठेवावा.

भागवतात नृग राजाची कथा आहे. तो सरडा होऊन कोरड्या विहिरीत पडला होता. यादवांच्या मुलांनी दोर लावून ओढलं, निघाला नाही. श्रीकृष्णांनी डाव्या हाताने सहज वर घेतलं. दोर ओढतो, हात उचलून घेतो. फरक तेवढाच आहे.

आता घरात बघा. वडील आले की मुलं गप्प होतात. सून कधी उलट बोलत नाही. आपण म्हणतो, घराला वळण आहे. पण ती शांतता उबेची आहे की गारठ्याची? त्यांना 'नाही' म्हणायची वाट मोकळी आहे का?

कधी धरावंच लागतं. डॉक्टरकडे न्यायचं तर टॉवेलात गुंडाळून न्यावं. तसंच मुलाला रस्त्यावर धावताना आवरावं. मात्र त्याला विश्वास म्हणू नये. तो बाकीच्या दिवसांत मिळवायचा असतो.

आणि एवढं करूनही तो खांद्यावर येऊन बसेलच असं नाही. विणीच्या काळात नर ओळखीच्या माणसावरही धावून जातो. मग प्रेम वाया गेलं का? गीतेच्या १६व्या अध्यायात दैवी गुणांत पहिला गुण अभय. आपण अर्थ घेतो, मी कुणाला भिऊ नये. १२वा अध्याय दुसरी बाजूही सांगतो, माझ्यामुळे कुणाला त्रास, उद्वेग होऊ नये. हे साधायला समोरच्याने माणसाळण्याची अट नाही. ताई, मुलाला एवढंच सांगा.

या आठवड्याचं चिंतन: माझ्यासमोर गप्प बसणारं कोण आहे, आणि ते का गप्प आहे?

॥ सद्गुरुचरणी अर्पण ॥ 🙏