शर्यतीची किंमत कोण भरतो?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बऱ्हाणपूरच्या मंडळीतील तरुणांच्या सभेत सहज मिळणाऱ्या पैशाविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले होते. मटका, लॉटरी, पत्ते यांविषयी मी नेहमीप्रमाणे बोललो. सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात यंत्रमागाच्या एका कारखान्यात हिशेब लिहिणारा तरुण उठून म्हणाला, "काका, मटक्याचे आम्हांला पटले. पण घोड्यांच्या शर्यतीचे काय? तो जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे. मग त्याला पाप म्हणणारे आपण कोण?"

मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. एक तर मुलगा खरे बोलत होता. दुसरे कारण मी पुढे सांगणार आहे. ते सांगणे मला सोपे नाही.

प्रथम मुलाचे म्हणणे पाहू. १२ जानेवारी १९९६ रोजी के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचे कुळ, त्याची तयारी, जॉकीची हातोटी यांवर निकाल अवलंबून असतो आणि अभ्यासू माणूस त्याचा अंदाज बांधू शकतो. हे नाकारण्याचे कारण नाही. आपल्या देशातील तरुण थरोब्रेड घोड्यांच्या मुख्य शर्यतींची मालिकाच पाहा. डिसेंबरात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर तीन वर्षांच्या घोड्यांची १६०० मीटरची इंडियन टू थाउजंड गिनीज. फेब्रुवारीच्या सुमारास तेथेच चार वर्षांच्या घोड्यांची २४०० मीटरची इंडियन डर्बी. आणि सप्टेंबरात पुण्याला २८०० मीटरची इंडियन सेंट लेजर. या तिन्ही जिंकणाऱ्याला तिहेरी मुकुटाचा मानकरी म्हणतात. फक्त घोडींसाठी वन थाउजंड गिनीज आणि ओक्स अशा आणखी दोन शर्यती आहेत. इंग्लंडात १७७६ ते १८१४ या काळात सुरू झालेल्या पाच शर्यतींवरून हा साचा घेतलेला आहे. अंतर वाढत जाते, कारण वेगाबरोबर दमही पारखायचा असतो. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने जिंकली. पुढे १९७७ मध्ये डर्बी जिंकणारा 'स्क्वाँडरर' हा घोडा तर १९ पैकी १८ शर्यतींत पहिला आला. त्याच्या नावाचा अर्थ 'उधळ्या'! तो बिचारा आयुष्यात एकदाच हरला. उधळपट्टी केली ती कठड्याबाहेरच्या माणसांनी.

तेव्हा कौशल्य आहे, हे मान्य. घोड्याचे आहे, जॉकीचे आहे, पहाटे उठून खरारा करणाऱ्या मोतद्दाराचेही आहे. त्यांच्या श्रमाला मी नावे ठेवीत नाही. माझा प्रश्न कठड्याबाहेरच्या माणसाविषयी आहे, आणि तो मला विचारता येतो, कारण एकदा त्या कठड्याबाहेर मीच उभा होतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी मुंबईत होतो. फेब्रुवारीतला रविवार होता. खोलीतल्या सोबत्याने आग्रह केला आणि उपासना बुडवून मी त्याच्याबरोबर महालक्ष्मीला गेलो. इतकी माणसे, इतके तजेलदार घोडे मी कधी पाहिले नव्हते. खिडकीपाशी रांगेत माझ्या मागे एक वयस्क गृहस्थ होते. गिरणी बंद पडल्यापासून मिळेल ते काम करतो, असे त्यांनी सांगितले. शर्यतीच्या पुस्तिकेवर खुणा करायला त्यांनी माझी पेन्सिल मागून घेतली. घोड्यांची कुळी त्यांना तोंडपाठ होती. मला त्यातले काहीच कळत नव्हते. मी एका घोड्याचा रंग आवडला म्हणून त्याच्यावर शंभर रुपये लावले.

माझा घोडा आला. सातशेच्या वर रुपये हातात पडले. बाहेर पडताना फाटकाशी तेच गृहस्थ भेटले. लोकलच्या तिकिटापुरतेही पैसे त्यांच्यापाशी उरले नव्हते. मी मोठ्या मनाने त्यांना दहा रुपये दिले. त्यांनी हात जोडून माझे आभार मानले.

उरलेल्या पैशांतून मी आईला साडी घेतली. "कुठून रे एवढे पैसे?" असे तिने विचारले. जादा काम केले, असे मी सांगितले. ती साडी नेसून ती नाताळच्या उपासनेला गेली. खरे काय ते मी तिला कधीच सांगितले नाही, आणि आता ती नाही.

पुढे एका जाणत्या माणसाने मला टोटचा हिशेब समजावून दिला. ही पद्धत १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये निघाली. सर्वांनी लावलेले पैसे एका राशीत जमा होतात. त्यातून सरकारचा कर आणि क्लबचा वाटा निघतो, आणि उरलेली रास जिंकणाऱ्यांत त्यांनी लावलेल्या पैशांच्या प्रमाणात वाटली जाते. बाहेरून एक पैसाही येत नाही. घोडा धावतो म्हणून राशीत दाणा वाढत नाही. म्हणजे माझ्या खिशातले ते सहाशे-सातशे रुपये हरलेल्या माणसांचे होते, आणि त्यांत त्या गृहस्थांचेही होते. मी त्यांच्याच पैशांतले दहा रुपये त्यांना दिले होते, आणि त्यांनी हात जोडून माझे आभार मानले होते! बुकीकडे पैसे लावले तरी वेगळे काय होते? तोही हरणाऱ्यांच्या पैशांतूनच जिंकणाऱ्याला देतो. २०२३ च्या ऑक्टोबरपासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर आला आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून तो ४० टक्के झाला. तोही शेवटी पैसे लावणाऱ्यांच्याच खिशातून जातो.

आता पाहा, कौशल्याचा मुद्दा कोठे राहिला? रांगेत कौशल्य त्या गृहस्थांपाशी होते, माझ्यापाशी नव्हते. पण समजा, कौशल्य माझ्यापाशी असते आणि मी दर रविवारी अभ्यास करून जिंकलो असतो, तर? तर कमी जाणणाऱ्या माणसांचे पैसे मी दर रविवारी घरी आणले असते, एवढेच. "निकाल नशिबाने लागतो की बुद्धीने?" हा कायद्याचा प्रश्न आहे आणि न्यायालयाने त्याचे उत्तर दिले आहे. शेजाऱ्यावर प्रीती करायला बांधलेल्या माणसाने आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: "याची किंमत कोण भरतो?"

कोणी म्हणेल, हरणारे आपल्या खुशीने आले होते. त्यांना कोणी ओढून आणले नव्हते. हे खरे आहे. मी त्यांची चोरी केली नाही. परंतु व्यवहारात दुकानदार पैसे घेतो तेव्हा गिऱ्हाइकाच्या पिशवीत काहीतरी पडते. दोघेही घरी काही घेऊन जातात. त्या संध्याकाळी त्या गृहस्थांच्या घरी काय गेले? ते हरावेत हीच माझ्या लाभाची अट होती. ज्याच्या हरण्यावाचून मला जिंकता येत नाही, त्याच्यासाठी मी त्या सकाळी मनापासून प्रार्थना करू शकलो असतो काय?

किंमत भरणारा आणखी एक आहे. तो मुका आहे. थरोब्रेड शिंगरू दोन वर्षांचे होते न होते तोच त्याला शर्यतीसाठी तयार करू लागतात. त्या वयात त्याचा सांगाडा पुरता भरलेला नसतो. डर्बीची संधी आयुष्यात एकदाच, चौथ्या वर्षी. जिंकतो एकच. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षेही जगतो. मग न जिंकलेल्या घोड्याने उरलेली वर्षे कोणाच्या दारात काढायची? आमच्या गावावरून वाहणारी तापी पुढे सारंगखेड्याला जाते. तेथे दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथला खरेदीदारही दात पाहतो, चाल पाहतो. त्यालाही कौशल्य लागते. पण तो घोड्याची दोरी हातात घेऊन घरी जातो. चारा, पाणी, दुखणे, म्हातारपण सारे त्याच्या अंगावर येते. पैसे लावणाऱ्याच्या हाती घोड्याची दोरी कधीच येत नाही. नीतिमान आपल्या पशूच्या जिवाची काळजी करतो, अशा अर्थाचे वचन नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात आहे. दोन मिनिटे तीस-पस्तीस सेकंद ज्याच्या नावाने आपण ओरडलो, तो आपला पशू की नव्हे?

आणि न जिंकणाऱ्या घोड्याला मोल नसते असे थोडेच आहे? पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वशाळेतले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला लस व प्रतिविष तयार करण्यासाठी दिले जात. त्यातूनच १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. शेतात साप चावलेल्या आपल्या माणसाला जी सुई देतात, तिच्यातले औषध घोड्याच्या रक्तापासून होते. तो घोडा कितवा आला होता, हे दवाखान्यात कोणी विचारीत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना येथे एक विनंती करावीशी वाटते. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यतीचा दाखला दिला आहे, आणि आपण तो मुलांना हौसेने सांगतो: सगळे धावतात, एकालाच बक्षीस, म्हणून पहिला नंबर मिळवा! एवढेच सांगून थांबलो, तर आपण मुलांच्या मनात रेसकोर्सच बांधतो. तोच पौल म्हातारपणी तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आपली धाव संपल्याचे लिहितो, आणि मुकुटाचा उल्लेख करताच सांगतो की तो आपल्या एकट्यासाठी नाही. प्रभूच्या प्रकट होण्याची आवडीने वाट पाहणाऱ्या सर्वांसाठी आहे. या शर्यतीत एकाच्या मुकुटासाठी दुसऱ्याचा खिसा रिकामा व्हावा लागत नाही. मागे पडलेल्याला हात देण्यासाठी थांबलो, तरी आपले बक्षीस कमी होत नाही.

पुढच्या सभेत मी त्या तरुणाला हे उत्तर दिले, आणि साडीची गोष्टही सांगितली. सभा बराच वेळ शांत होती. मग तो म्हणाला, "काका, ते गृहस्थ आता भेटले तर?"

मी म्हणालो, "तर उरलेले पैसे परत देईन. आणि आभार मी मानीन."