कोणाचा हात अंगाला लागू द्यायचा

मार्च 2021. अमरावती विभागात कोरोनाची दुसरी लाट चढत होती. 22 फेब्रुवारीला अमरावती आणि अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली होती, आमच्या बुलडाणा जिल्ह्यातही निर्बंध पुन्हा आवळले होते. त्याच दिवसांत चिखली-खामगाव रस्त्यावरच्या आमच्या उंद्रीत लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. बाळंतपण दवाखान्यात झालं, नीट झालं. घरी आणल्यावर प्रश्न उरला तो मालिशवालीचा. बोलवायची का? आणि बोलवायची तर कोणती?

शहरात निदान नियम तरी होते. 28 जून 2020 ला राज्यात सलून उघडली तेव्हा केस कापणं, रंगवणं अशा मोजक्या कामांना परवानगी मिळाली, त्वचेशी संबंधित कामं नकोत असं सांगितलं गेलं. गावच्या मालिशवालीला कोणत्या आदेशात शोधायचं? तिला दुकान नाही, पाटी नाही. लोकांच्या न्हाण्या हीच तिची कामाची जागा.

गावात अशा दोघी. एक मावशी साठीच्या पुढच्या, त्यांचा हात आसपासच्या गावांत नावाजलेला. कंबर कुठे धरली आहे हे त्या विचारत नाहीत, अंगठा नेमका तिथेच जातो. पाणी कोपर बुडवून बघतात. पाटावर पाय लांब करून बसतात, बाळाला पायांवर पालथं घेतात, एका हाताने मान सावरून दुसऱ्याने पाठीवर पाणी सोडतात, आणि बाळ रडायचं थांबतं. दुसरी तिशीतली, अजून हात बसलेला नाही, सध्या एकाच घरी जाणारी. अडचण उघड होती. ज्या हातावर विश्वास ठेवावा तो हात सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून तो सगळीकडे जातो. मावशींचं कसब आणि त्यांच्यापासूनचा धोका, दोन्ही एकाच गोष्टीतून आलेलं. माझं मत ठरलं होतं: या वर्षी कोणीच नको. फारच झालं तर ती दुसरी.

सातव्या दिवशी आशाताई आली. नवजात बाळासाठी तिच्या घरभेटी ठरलेल्या असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. ती माझी जुनी विद्यार्थिनी. बाळाचं वजन झालं, ताप पाहून झाला, आणि मी माझा निर्णय तिला सांगितला. आरोग्य खात्याचं माणूस, शाबासकी देईल असं वाटलं होतं.

“कोणीच नको म्हणता? मग ताईचं अंग कोण चोळणार?”

“नाही चोळलं तर काय बिघडतं? कितीतरी बाया मालिशीशिवाय बाळंतपणातून उठतात.”

“उठतात ना. तुम्ही कशा उठल्या होत्या, मॅडम?”

“माझ्या वेळी साथ नव्हती.”

“एक विचारू? राग नका मानू. आज तुमच्याकडं येण्याआधी मी नऊ घरं करून आली. त्यातल्या एका घरात पेशंट आहे. तुम्ही मला खुर्ची दिली, बाळ माझ्या हातात दिलं. मावशी दिवसाला चार घरं करतात. मी चालते आन् त्या नाई चालत. काहून?”

“तुझं काम गरजेचं आहे म्हणून. तुला खात्याने पाठवलंय.”

“विषाणू माझं रजिस्टर पाहून थांबत नाई.”

या एका वाक्यापाशी आम्ही बराच वेळ अडलो. मी म्हटलं, तू पंधरा मिनिटं ओसरीत बसतेस, मास्क लावून. मावशी तासभर न्हाणीत असतात. दार लावलेलं, वाफ कोंडलेली, मास्क भिजून नाकाला चिकटलेला, म्हणून तो त्या खाली ओढणारच. शिवाय मालिश म्हणजे मेहनत. श्वास जोराचा, आणि बाळंतिणीचं तोंड हातभर अंतरावर. तुझ्या नऊ घरांपेक्षा त्यांचं एक घर जास्त धोक्याचं आहे.

“मग अडचण न्हाणीची आहे, मावशीची नाई,” ती म्हणाली. “परसात आडोसा करा, उन्हाचं बसवा. वारा खेळता राहील.”

मला हे सुचलं नव्हतं असं नाही. पण त्या दिवसांत आपण सगळेच हातांना घाबरत होतो. भाजी धुवत होतो, दुधाच्या पिशव्या पुसत होतो. रोग मुख्यतः श्वासातून, बंद खोलीतल्या हवेतून येतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेही सावकाशच मान्य केलं. बाळंतपणाच्या इतिहासात हीच गोष्ट एकदा नेमकी उलटी घडली आहे. 1847 साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला दिसत होतं की डॉक्टर आणि विद्यार्थी जिथे बाळंतपणं करतात त्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बाया सुईणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्या काळी दोष दूषित हवेला दिला जाई. त्याला कारण सापडलं ते हातात: शवविच्छेदन करून डॉक्टर तसेच बाळंतिणीकडे येत. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले, तरी त्याच्या क्षेत्रातल्या बड्या मंडळींनी त्याचं म्हणणं मानलं नाही. तेव्हा हवेला भ्याले आणि हात मारत होते. आपण हातांना भ्यालो आणि हवा मारत होती.

मी हे तिला सांगितलं. तिने त्यातून माझ्या बाजूचं काही उचललं नाही.

“म्हणजे तेव्हा सुईणीचा हात साहेबाच्या हातापेक्षा चांगला निघाला.”

“ती वेगळी गोष्ट.”

“असंल. पण मोठ्या माणसाचा हात तपासायचं कोणाला सुचत नाई, हे तं तेच राहिलं.” मग जरा थांबून म्हणाली, “जावई कधी आले होते?”

“पाचवीला.”

“पुण्याहून. बसनं. टेस्ट केली होती?”

“तो बाळाचा बाप आहे.”

“बाप आहे म्हणून त्याला होत नाई का? मॅडम, तुम्ही धोका नाई मोजत, माणूस मोजता.”

या आरोपाला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मला आजही बरोबर वाटतं. धोका ही नुसती आकडेमोड नसते. नवऱ्याने बायकोला भेटणं, बापाने लेकराला उचलणं, यासाठी माणूस जितकं अंगावर घेतो तितकं बाकी कशासाठी घेणार नाही, आणि घेऊ नये. नात्याला वजन देणं म्हणजे लबाडी नव्हे. शिवाय जावयाने आजार आणला तर तो आमच्या घरात राहील, आम्ही तो निस्तरू. मावशी तो पुढच्या घरी नेतील, आणि तिथेही नवं बाळ असेल. आमच्या घरातून निघालेला आजार आम्हाला माहीत नसलेल्या पाळण्यापर्यंत पोचेल. मी नकार देत होते तो केवळ माझ्या लेकीसाठी नव्हता.

ती गप्प झाली. तिने हे खरंच मनावर घेतलं, कारण रोज तेच ओझं घेऊन ती घरोघर फिरत होती. तिचं काम मोबदल्यावरचं, पगार नाही, आणि तिच्याही घरी म्हातारी सासू. संध्याकाळी अंगणात अंघोळ केल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नसे.

“मग असं करा,” ती म्हणाली. “सव्वा महिना मावशीला तुमच्याच घरी लावा. बाकी घरं बंद. त्यांची चार घरांची मजुरी तुम्ही द्या.”

“हे जमेल.” मला हायसं वाटलं.

“तुम्हाला जमेल. त्यांच्या चार घरांत एक मजुराचं आहे. तिथली सून काल बाळंत झाली. तिचं अंग कोण चोळणार?”

“तूच तर सुचवलंस!”

“सुचवलं. आता बोलता बोलता दिसलं. पैसा असला की चांगला हात आपल्यापुरता धरून ठेवता येते, आन् त्याला आपण काळजी म्हणतो.”

यावर दोघींनाही पुढे जाता येईना. एका घरापुरतं ठेवलं तर साखळी तुटते, आणि तुटलेल्या साखळीच्या पलीकडे गरीब बाळंतीण एकटी राहते. सगळ्यांना वाटून दिलं तर हाताबरोबर आजारही वाटला जातो. मी म्हटलं, ती तिशीतली दुसरी आहे ना, ती जाईल त्या घरी. ती म्हणाली, शिकाऊ हात गरिबाकडे आणि मुरलेला तुमच्याकडे, असंच ना? मी म्हटलं, मग उलट करू, आम्ही दुसरी घेतो. ती म्हणाली, तुमच्या लेकीची कंबर आहे, ठरवा. मला ते ठरवता आलं नाही.

मग मी लशीचा विषय काढला. 1 मार्चपासून साठीवरच्यांना लस मिळू लागली होती. मावशींचा नंबर लागत होता, त्या तिशीतलीचा नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या माझ्या लेकीचा तर नाहीच. म्हणजे वय, जे आतापर्यंत मावशींच्या विरुद्ध होतं, ते आता त्यांच्या बाजूचं झालं. मी म्हटलं, लस घ्या, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग या, अशी अट घालते.

“त्या लशीला भेतात. मी किती डाव सांगितलं, ऐकत नाई. तुमच्या अटीनं घेतील.”

“मग चांगलंच की.”

“चांगलं आहे. पण सुई टोच नाई तं चूल बंद, ही अट आपण ज्याला गरज आहे त्यालाच लावू शकतो. मला त्यांना लस द्यायची आहे, मॅडम. अशी दिली तं पुढच्या डोसाला त्या माझ्या दारात उभ्या राहणार नाईत.”

मी आजही म्हणेन, अट घालायला हवी होती. भीतीने घेतलेली लसही रक्तात तेच काम करते. या मुद्द्यावर तिचं मला पटलं नाही.

“ताईला विचारलं?” तिने एकदम विचारलं.

“ती म्हणते, तू ठरव.”

“सात दिवसांची बाळंतीण दुसरं काय म्हणंल? या सात दिवसांत तिला कोणी हात लावला का? बाळाला सगळे घेतात. मी येते, ताप विचारते, अंगावरून किती जाते ते विचारते, आन् निघते. तासभर फक्त तिच्याच अंगाकडं पाहणारं माणूस मावशीशिवाय दुसरं कोण आहे? रात्री रडते का ती?”

रडत होती. मी ते तिला सांगितलं नव्हतं.

नवजात बाळाला घरी जाऊन तपासायची ही पद्धत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घालून दिली. गावातल्याच बाईला शिकवलं तर ती बाळ वाचवू शकते, हे 1999 मध्ये त्यांनी जगापुढे मांडलं. आशाताईची ही भेट त्याच विश्वासावर उभी होती. तो विश्वास मावशींपर्यंत का पोचत नाही, याला माझ्याकडे वैद्यकीय उत्तर होतं, पण ते पुरेसं नव्हतं.

शेवटी मावशी येणार असं ठरलं. परसात, कापडाच्या आडोशाला, सकाळच्या उन्हात, फक्त बाळंतिणीची मालिश. बाळाला आम्हीच न्हाऊ घालायचं. साबणाने कोपरापर्यंत हात. मास्क ओला झाला की दुसरा, तो आम्ही द्यायचा. बाळाजवळ गेल्याच तर कानात-नाकात तेल सोडायचं नाही, नाकात फुंकर घालायची नाही. हे शेवटचं आशाताईने बजावलं, आणि ते कोरोनासाठी नव्हतं, एरवीसाठीही होतं.

“आन् तुमच्याकडं कोणाला ताप आला तं?”

“मावशींना त्याच सकाळी येऊ नका म्हणून कळवेन. खाड्यांचे पैसेही देईन.”

“त्यांच्या बाकीच्या घरांना कोण कळवणार?”

“मी. फोन करेन.”

“ते घरं त्यांना पंधरा दिवस उभं करणार नाईत. तो खाडा कोणाचा?”

ती म्हणाली, ज्याच्या घरून आजार गेला त्याने भरावा. मी म्हटलं, साथ सगळ्या राज्यावर आहे, सरकारने भरावा. ते आमचं काही जुळलं नाही. पुढे 13 एप्रिलला नवे निर्बंध जाहीर झाले तेव्हा सरकारने नोंदणीकृत घरेलू कामगारांना दीड हजार रुपये देऊ केले. मावशींचं नाव अशा कोणत्याच नोंदणीत नव्हतं.